गोळी सुटली, तक्रार राहिली: मुसळी-अश्वगंधा घेण्याआधी

नाशिककराला 'ताकदीचं औषध' शोधायला लांब जावं लागत नाही. त्र्यंबकेश्वरला रुद्राक्षांच्या शेजारीच मुळ्या आणि साली मांडलेल्या दिसतात. पंचवटीत काष्ठौषधीच्या दुकानात अश्वगंधा, गोखरू, कवचबीज मागाल तेवढं तोलून मिळतं. हायवेच्या कडेला जडीबुटीचे तंबू असतात, भिंतींवर 'अमुक लॉजवर दर महिन्याला भेट' अशी गुप्तरोगवाल्यांची रंगवलेली जाहिरात असते, आणि उरलेलं काम रात्री मोबाइल करतो.

या गिऱ्हाइकांत एक माणूस असा असतो की ज्याची खरी तक्रार विकणाऱ्याला कधी कळत नाही. त्याने वर्ष-दोन वर्षं नैराश्याची किंवा घाबरेपणाची गोळी घेतलेली असते. मन सावरलं, डॉक्टरांनी गोळी थांबवली, पण शरीरसंबंधाची इच्छा, तिथली संवेदना, शेवटचं सुख यातलं काहीतरी परत आलंच नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि तिच्यासाठीही. बाजारातल्या डब्यांवर घोडा आणि पिळदार दंड असले, तरी ही तक्रार बायकांनाही होते. फक्त त्या दुकानात जात नाहीत आणि डॉक्टरांपुढेही बोलत नाहीत.

वनस्पतींना हातच लावू नका, असं मला म्हणायचं नाही. मला एवढंच सांगायचं आहे की डबी उघडण्याआधी आपली तक्रार नेमकी कोणती आहे ते ठरवा. तक्रारी तीन प्रकारच्या असतात. ज्या मोजक्या वनस्पतींवर बऱ्यापैकी चाचण्या झाल्या आहेत, त्या यातल्या एकाच प्रकारावर झाल्या आहेत. विकल्या मात्र त्या तिन्हींवर जातात.

आधी जुनी स्ट्रिप काढा

घरात जुनी स्ट्रिप किंवा चिठ्ठी असेल तर औषधाचं मूळ नाव वाचा. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, फ्लुवोक्सामिन ही एका गटातली नावं. व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन ही त्यांची भावंडं. तेच तेच विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आजारात, म्हणजे ओसीडीत, देतात ते क्लोमिप्रामिन जुनं असलं तरी याच कामाचं. आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास दिलं जातं. त्यामुळे बऱ्याच जणांना आपण 'झोपेची गोळी' घेत होतो असंच वाटत असतं. शीघ्रपतनासाठी मिळणारं डापोक्सेटिनही याच कुळातलं आहे, हे ते घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

या गोळ्या मेंदूत सिरोटोनिन जास्त वेळ टिकू देतात. मन स्थिरावतं ते त्यामुळेच, आणि इच्छा मंदावते, वीर्यपतन लांबतं किंवा स्त्रीला परमसुख गाठणं अवघड होतं तेही त्यामुळेच. गोळी चालू असताना असं होणं अगदी नेहमीचं आहे. शीघ्रपतनावर हीच औषधं चालतात ती याच गुणामुळे.

आता ते तीन प्रकार. पहिला, इच्छा गोळीच्या आधीच गेली होती. नैराश्यात जेवणाची, बोलण्याची, भेटण्याची इच्छा जाते तशी हीही जाते. आजार पूर्ण बरा झाला नसेल तर दोष गोळीचा नाही. दुसरा, गोळी सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला आणि गोळी अजून चालू आहे. तिसरा, गोळी बंद होऊन महिने लोटले तरी त्रास जात नाही.

तिसऱ्या प्रकाराला आता 'पीएसएसडी' म्हणतात, पण डॉक्टर मंडळी बराच काळ त्याला 'मनाचे खेळ' म्हणत आली. त्यावरचे पहिले वैद्यकीय अहवाल २००६ मध्ये आले. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या गोळ्यांच्या माहितीपत्रकात 'औषध बंद केल्यानंतरही लैंगिक त्रास दीर्घकाळ राहिल्याच्या नोंदी आहेत' अशा आशयाची सूचना घालायला सांगितली. २०२१ मध्ये कॅनडानेही तसंच केलं. २०२२ मध्ये संशोधकांच्या एका गटाने निदानाच्या कसोट्या मांडल्या, त्यांत औषध थांबवल्यानंतर किमान तीन महिने त्रास टिकणं ही एक अट आहे. इस्रायलमधल्या दवाखान्यांच्या संगणकीय नोंदींवरून २०२३ मध्ये संशोधकांनी पुरुषांतल्या लिंग-ताठरतेच्या कायमच्या तक्रारीचा अंदाज काढला, तो साधारण दोनशे सोळा जणांत एक असा आला. म्हणजे त्रास खरा आहे आणि विरळ आहे. ज्याला होतो त्याला विरळपणाचं सांत्वन नको असतं, हेही खरं.

एक खूण लक्षात ठेवा. जननेंद्रियाची त्वचा बधिर वाटणं, स्पर्श कळतो पण त्यात 'ते' काही नसतं, ही तक्रार निव्वळ नैराश्यात सहसा नसते. ती गोळीनंतर सुरू झाली असेल तर डॉक्टरांना ठासून सांगा.

केशर, माका, गिंको: कुणावर तपासलं?

सगळ्यात बरा पुरावा केशराचा आहे. तेहरानमध्ये २०१२ आणि २०१३ मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक पुरुषांवर, एक स्त्रियांवर, प्रत्येकी तीस-पस्तीस जणांच्या आसपास. सगळे फ्लुओक्सेटिन घेत होते. दिवसाला ३० मिलिग्रॅम केशर, चार आठवडे. पुरुषांत ताठरता सुधारली. स्त्रियांत उत्तेजना आणि ओलावा वाढला, दुखणं कमी झालं. पण स्त्रियांची इच्छा आणि परमसुख यांत खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. ३० मिलिग्रॅम म्हणजे एक ग्रॅमच्या डबीचा तेहतिसावा भाग, अंदाजे पंधराएक काड्या. दुधात चिमूटभर टाकणाऱ्या घरांना हे प्रमाण नवं नाही. केशरात भेसळ फार चालते, एवढं ध्यानात घ्या, आणि गरोदरपणी असल्या प्रयोगाच्या नादी लागू नका.

पेरू देशातल्या माका नावाच्या कंदावर २००८ मध्ये बोस्टनला एक अभ्यास झाला. माणसं वीस, दिवसाला दीड ग्रॅम विरुद्ध तीन ग्रॅम अशी तुलना. तीन ग्रॅमवाल्यांना बरं वाटलं, पण खोट्या गोळीशी तुलनाच नव्हती, त्यामुळे त्यातलं कंदाचं किती आणि आशेचं किती ते सांगता येत नाही. गिंकोची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. १९९८ मध्ये एका खुल्या अभ्यासात ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांना गुण आल्याचं छापून आलं आणि बाटल्या खपू लागल्या. पुढे खोट्या गोळीशी तुलना केलेल्या चाचण्यांत तो गुण टिकला नाही. बाटल्या अजून खपतात. शिवाय गिंकोने रक्त पातळ होण्याकडे कल जातो, या गोळ्यांनीही थोडा जातो, त्यात कुणी हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेत असेल तर हे तिघं एकत्र नकोत.

हे सगळे अभ्यास दुसऱ्या प्रकारावरचे आहेत, म्हणजे गोळी चालू असतानाच्या त्रासावरचे. गोळी बंद होऊनही राहिलेल्या त्रासावर कुठलीही वनस्पती नीट तुलना करून सिद्ध झालेली नाही. अश्वगंधाही नाही, मुसळीही नाही. 'पीएसएसडीवर रामबाण' असं लिहिलेली डबी दिसली तर लिहिणाऱ्याने तो शब्द इंटरनेटवरून उचलला आहे असं खुशाल समजा. (याला सिद्ध झालेलं अ‍ॅलोपॅथिक औषधही अजून नाही. डॉक्टरांनी ते कबूल केलं तर त्यांच्यावर नाराज होऊ नका, तो प्रामाणिकपणा आहे.)

आपल्या मुळ्या

अश्वगंधाच्या छोट्या चाचण्यांत ताण आणि झोपेवर थोडा गुण दिसला आहे, वीर्याच्या प्रमाणावरही काही. पण हल्ली ती ज्या हातांनी वाटली जाते ते पाहून काळजी वाटते. केरळच्या यकृततज्ज्ञांनी २०२३ मध्ये अश्वगंधामुळे यकृताला इजा झालेल्या भारतीय रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. आधीच यकृत खराब असलेल्यांची अवस्था त्यात सगळ्यात वाईट झाली. अश्वगंधा थायरॉईडच्या संप्रेरकांचं प्रमाण वाढवू शकते, आणि क्लोनाझेपाम चालू असेल तर गुंगीत भर घालते. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधाची पानं न वापरता मुळंच वापरायला सांगितलं होतं. डबीवर 'मूळ' असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. आठवड्यातून तीनदा 'बसणाऱ्या' मित्रमंडळाने तर आधी यकृताची तपासणी करावी, मग अश्वगंधाचा विचार.

सफेद मुसळी आपल्या मातीतली. वनस्पतिशास्त्रात तिची नोंद झाली ती मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलातून, १९५० च्या दशकात. आता अकोट-अंजनगावकडे तिची शेतीही होते. जंगलातली उपसून संपत आल्याने आणि भाव चढा असल्याने मुसळी म्हणून शतावरीच्या जातीतल्या मुळ्या खपवल्या जातात. सोलून वाळवलेली पांढरी मुळी आणि दुसरी पांढरी मुळी यातला फरक तुमच्या-माझ्या डोळ्याला कळत नाही, आणि पूड झाल्यावर तर कुणाच्याच नाही.

कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचं बी, यात लेव्होडोपा असतो. पार्किन्सनच्या रुग्णांना देतात तोच. त्यामुळे हे 'नुसतं झाडपाल्याचं' नाही, ते औषधच आहे. पार्किन्सनच्या, रक्तदाबाच्या किंवा मानसोपचाराच्या इतर गोळ्यांबरोबर ते परस्पर घेणं धोक्याचं आहे आणि ज्यांना कधी भ्रम किंवा उन्मादाचा झटका येऊन गेला त्यांनी तर टाळावंच. गोखरूचे निकाल उलटसुलट आहेत. शिलाजित वनस्पतीच नाही, कड्यांतून पाझरणारा खनिज राळेसारखा पदार्थ आहे, आणि न शुद्ध केलेल्या शिलाजितात जड धातू असू शकतात.

एक परदेशी नाव ऑनलाइन दिसेल, सेंट जॉन्स वर्ट. हे सिरोटोनिनवरच काम करतं. नैराश्याची गोळी चालू असताना घेतलं तर थरथर, ताप, घाम, गोंधळ अशी जीवघेणी अवस्था होऊ शकते. गर्भनिरोधक गोळीचा असरही ते कमी करतं. ज्या रस्त्याने त्रास झाला त्याच रस्त्याने परत जाण्यात काय हशील? फाइव्ह-एचटीपी नावाच्या कॅप्सूलचंही तेच. योहिंबिनने रक्तदाब आणि धडधड वाढते, घाबरेपणाच्या रुग्णाला त्याने पुन्हा झटके येऊ शकतात.

डबी हातात घेऊन

एक साधी परीक्षा करून बघा. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलच्या मागे बारीक अक्षरांत दहा-बारा नावं असतात. मुसळी ५० मिलिग्रॅम, अश्वगंधा ५०, अक्कलकारा २०, जायफळ १०, असं काहीतरी. ग्रंथोक्त प्रमाणात अश्वगंधाचं चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम असतं. म्हणजे एका कॅप्सूलमधलं प्रमाण त्याचा जेमतेम साठावा भाग, किंवा त्याहूनही कमी. मग अशी कॅप्सूल खाऊन तासाभरात 'जबरदस्त' असर झाला, तर आनंद मानू नका, शंका घ्या. 'हर्बल' म्हणून विकलेल्या मालात सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल लपवून मिसळल्याचं जगभरच्या तपासण्यांत वारंवार सापडलं आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ज्याच्या खिशात आहे, त्याला ही छुपी गोळी मारू शकते, रक्तदाब एकदम कोसळतो. धातूंचंही तसंच. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अहवाल २००४ मध्ये आला होता.

डबीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, प्रत्येक घटकाचं प्रमाण आणि मुदत हवी. खाद्य-पूरक म्हणून विकत असतील तर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक. यातलं एक जरी नसलं तरी डबी परत ठेवा. आणि जाहिरातच 'शक्ती वाढवा, सुख वाढवा' अशी असेल तर ती १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याखाली मुळात बेकायदा आहे. सत्तर वर्षं झाली या कायद्याला, भिंती अजून रंगवल्या जातात.

वैद्यांकडे, डॉक्टरांकडे

चांगल्या वैद्यांना हे असं पाकीट मान्य नसतं. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, आणि त्यात आधी पचन, झोप, मळ, मन विचारतात, शोधन करतात, मग औषध. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथल्यासारख्या ठिकाणी, जिथे नोंदणीकृत वैद्य नाडी बघून केसपेपरवर लिहून देतो, तिथे जा. लॉजवाल्याकडे नको. आणि वैद्यांना मानसोपचाराच्या गोळ्यांची यादी दाखवा. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून १९९८ पासून राज्यातले एमबीबीएसही घडतात आणि बीएएमएसही. पदवी एका विद्यापीठाची, पण एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची आपल्याला लाज! दोन्ही फायली एकाच पिशवीत ठेवायची सवय लावा.

त्याआधी काही तपासण्या मात्र करूनच घ्या. रिकाम्या पोटी साखर आणि एचबीए१सी, टीएसएच, बी-१२, रक्तदाब, पुरुषांसाठी सकाळी दहाच्या आत घेतलेलं टेस्टोस्टेरॉन, आणि स्त्री-पुरुष दोघांसाठी प्रोलॅक्टिन. हे शेवटचं का, तर आपल्याकडे अ‍ॅसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. ते प्रोलॅक्टिन वाढवतं आणि प्रोलॅक्टिनने इच्छा जाते, पाळी बिघडते, कधी छातीतून दूधही येतं. मेडिकलमधून सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती 'गॅसची कॅप्सूल' तुम्ही वर्षभर घेत असाल, तर दोष नैराश्याच्या गोळीचा नसून तिचाच असू शकतो. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, केसगळतीसाठीचं फिनास्टेराइड, तंबाखू, दारू, हेही या यादीत येतात.

गोळी अजून चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन एकदम सोडल्यावर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, चिडचिड असा त्रास फार होतो, आणि मूळ आजार उलटतो तो वेगळा. डॉक्टरांच्या हाती बरंच काही असतं. मात्रा कमी करणं, ब्युप्रोपियॉन किंवा मिर्टाझापिनकडे वळणं, पुरुषाला काही काळ सिल्डेनाफिल देणं. गोळी नुकतीच थांबली असेल तर धीर धरा, फ्लुओक्सेटिन तर शरीरातून पुरतं जायलाच काही आठवडे घेतं. बहुतेकांचं सगळं या काळात पूर्ववत होतं.

सांगायचं कसं, ही खरी अडचण. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून या विषयावर सरळ मराठीत लिहायला सुरुवात केली होती. त्यानंतर शंभर वर्षं होत आली तरी आपण डॉक्टरांपुढे 'थोडा अशक्तपणा आहे' म्हणतो, आणि डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स लिहून देतात. घरून कागदावर लिहून न्या. 'डॉक्टर, एसिटालोप्राम दहा महिने घेतली. जानेवारीत बंद केली. आधी सगळं ठीक होतं. गोळीच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिथे बधिरपणा आहे, तो अजून आहे. इच्छा नाही. मन उदास नाही.' बाईंनी स्त्री डॉक्टर मागाव्यात, त्यात काही गैर नाही. लग्न ठरलेल्या मुलामुलींनी साखरपुड्याआधी घाईघाईने कॅप्सूल सुरू करण्यापेक्षा हा कागद लिहिणं जास्त उपयोगाचं. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खासगी फी परवडत नसेल तर तिथे जा. आणि या त्रासाने जगणंच नकोसं वाटू लागलं तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

तरीही घ्यायचंच असेल

मग एका वेळी एकच वनस्पती, एकच कंपनी, आणि आपल्या डॉक्टरांना कळवून. सुरू करण्याआधी यकृताची एलएफटी आणि टीएसएच करा, सहा आठवड्यांनी पुन्हा करा. वहीत आठवड्याला दोन ओळी लिहा: झोप, इच्छा, संवेदना. आठ आठवड्यांत वहीत फरक दिसला नाही तर थांबा, 'अजून एक डबी' नाही. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, उलट्या, छातीत धडधड, मन अचानक खूप उसळलेलं किंवा खूप खचलेलं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, यकृताचे किंवा हृदयाचे रुग्ण यांनी हा प्रयोग करू नये.

त्रास झाला तर डबी फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल, बिल आणि बॅच क्रमांक जपून ठेवा. कुठल्याही औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाला स्वतः करता येते, त्यासाठी भारतीय औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. नैराश्याची गोळी बंद झाल्यावर राहिलेला त्रासही इथेच नोंदवायचा, निव्वळ वनस्पतीचा नाही. बनावट किंवा भेसळीच्या डबीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात करता येते.